आरसा हलू नये म्हणून २६०० कोटी. हाताचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा. आणि तुमच्या घरात, गल्लीत, शेतात कोणी ब्रेकर, ग्राइंडर, कटर किंवा ब्रश कटर चालवत असेल तर त्याला वाचून दाखवा.

मागच्या महिन्यात आमच्या मावसभावाच्या पोरीचं कुंकू होतं. पाहुणे आलेले, मंडपात गडबड, आणि हा पठ्ठ्या घरात जाऊन बसलेला. मला खुणेनं आत बोलावलं. "पत्रकार, जरा आत ये." मला वाटलं पैशाचं काही अडलं असेल. तर म्हणाला, "एवढ्या गुंड्या लावून दे. बोटाला गुंडी सापडंना गेली." नव्या शर्टाच्या गुंड्या. मी लावून दिल्या. वरची लावताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं. ते पोरीमुळं का हातामुळं, हे मी विचारलं नाही.

हा माणूस चौदा वर्षं ब्रेकर चालवतो. आधी विहिरीवर ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर होल मारायचा. मग गुत्तेदारानं विजेवरचं ब्रेकर मशीन हातात दिलं. जुन्या भिंती, जुने स्लॅब, आणि गेली काही वर्षं गावोगाव पाइपलाइनसाठी सिमेंट रस्ते फोडायचं काम. पैसे रोजावर नाही, फुटावर. जेवढे रनिंग फूट तेवढे पैसे. म्हणजे मशीन खाली ठेवलं की कमाई थांबली.

पहिल्यांदा बोटांना मुंग्या यायच्या, काम सुटल्यावर तासाभरात जायच्या. पुढं रात्री झोपेतून उठून हात झटकायची वेळ आली. आता ग्लास हातातून निसटतो. हिवाळ्यात सकाळी उजव्या हाताची दोन बोटं चुन्यासारखी पांढरी पडतात. त्याच्या भाषेत, "बोटं मेल्यावानी होयलेत." दवाखाने झाले. कोणी शुगर तपासली, कोणी मानेचा एक्स-रे काढला, कोणी व्हिटॅमिनची सुई दिली, कोणी वात म्हणून तेल दिलं. शुगर नाही, मान ठीक. चार ठिकाणी पैसे गेले, पण "या हातानं तुम्ही दिवसभर काय काम करता?" हे एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? मी तरी कुठं विचारलं होतं? वीस वर्षं बातम्या लिहितो. रस्ता फोडला म्हणून बातमी केली, रस्ता तसाच ठेवला म्हणून बातमी केली, पाणी आलं नाही म्हणून तर किती केल्या. रस्ता फोडणाऱ्या हाताची एक ओळ नाही. घरातला माणूस असून नाही.

आता कंपनाचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याइतकं ते कोणाला कळावं? पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गुडगुड झाली की लोक अंगणात येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा धक्का बसला, तेव्हा अर्धा जिल्हा रस्त्यावर होता. काही सेकंद जमीन हलली आणि त्या दिवशी माझा फोन दुपारपर्यंत बंद झाला नाही. मावसभावाचा हात रोज चार-चार तास हलतो, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

आणि दुसरीकडं आपलं लिगो. औंढा नागनाथ तालुक्यातलं दुधाळा. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली, ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीनं पायाभरणी केली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला आरसे, आणि गुरुत्वीय लहर आली की त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजायचा. फरक केवढा? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. एवढं मोजायचं तर आरसा अजिबात हलायला नको. म्हणून जमीन शांत पाहिजे आणि म्हणूनच आपली जागा निवडताना तिथली जमीन किती थरथरते हे तपासलं गेलं. अमेरिकेतल्या लिगोमध्ये ४० किलोचा आरसा काचेच्या बारीक धाग्यांवर टांगलेला असतो, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत. आपल्याकडंही तेच तंत्र येणार. मला या प्रकल्पाचा अभिमान आहे, उगीच कोणी कमेंटमध्ये विकासविरोधी म्हणू नका. माझं म्हणणं एवढंच की ज्या शास्त्रानं आरसा स्थिर राहतो, त्याच शास्त्राची दहा पैशांची मात्रा ब्रेकरच्या मुठीत घातली तर हातही स्थिर राहतो. जड वजन, स्प्रिंग आणि मध्ये सैल जोड. दुसरं काही नाही.

ही गंमत थोडी उलगडून सांगतो. मीही मागच्या महिन्याभरात वाचून, आणि दोन मिस्त्र्यांच्या दुकानात बसून शिकलो आहे.

ब्रेकरच्या आत एक वजन पुढं-मागं आपटतं, मिनिटाला हजाराच्या वर ठोके. न्यूटनचा नियम शाळेत घोकला होता: पुढं जेवढा ठोका, तेवढाच मागं धक्का. मागं कोण आहे? माणसाचा तळहात. आता मूठ जर मशीनच्या अंगाला बोल्टनं घट्ट बसवलेली असेल तर सगळा धक्का थेट हाडात. तीच मूठ स्प्रिंगवर बसवली तर मशीन थरथरतं आणि मूठ जागेवर राहते. आत उलट दिशेनं सरकणारं एक वजन ठेवलं तर धक्का आतल्या आतच बराचसा मरतो. चांगल्या कंपन्यांच्या मशीनमध्ये या दोन्ही सोयी बऱ्याच वर्षांपासून येतात. आपल्या बाजारात ती मशीनं मिळतातही. महाग असतात म्हणून घेतली जात नाहीत.

स्प्रिंगलाही मर्यादा आहे. ती फार मऊ केली तर मशीन डुलायला लागतं, छन्नी भलतीकडं सरकते आणि माणूस ते आवरायला आणखी जोर लावतो. म्हणजे हिशेब बसवावा लागतो. आपले पोरं मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळतात, चिंध्या बांधतात. मावसभावानंही गुंडाळली होती. बारीक, भराभर थरथर त्यानं थोडी कमी होते, पण ब्रेकरचा जो जाड धक्का आहे त्याला ती ट्यूब अडवत नाही. शिवाय मूठ जाड झाली की जास्त आवळून धरावी लागते, आणि जितकं आवळून धराल तितकं कंपन हातात जास्त शिरतं. हातमोज्यांचंही तसंच. कंपनरोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे ग्राइंडरच्या बारीक थरथरीला थोडे उपयोगी पडतात, ब्रेकरला फारसे नाहीत. पण हात उबदार राहतो, खरचटत नाही, म्हणून घालावेत जरूर. त्यांच्या भरवशावर तास वाढवू नयेत.

ग्राइंडरची गोष्ट वेगळी. तिथं ठोका नाही, चकतीचा तोल आहे. चकती एका बाजूनं झिजली, कडेला टवका उडाला, किंवा स्वस्तातली घेतली आणि मुळातच गोल नसली, की ती फिरताना मशीनला ओढते. मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गोधडी एका बाजूला गोळा झाली की मशीन कसं घरभर नाचतं, तसंच. काही चांगल्या ग्राइंडरमध्ये चकतीजवळ एका बंद कड्यात सुट्या पोलादी गोळ्या असतात. चकतीचा तोल गेला की त्या आपोआप विरुद्ध बाजूला सरकतात आणि तोल सावरतात. मला हे वाचून इतकं भारी वाटलं की मी फॅब्रिकेशनवाल्या मित्राला दुकानात जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, माझ्या ग्राइंडरला बाजूचं हँडलच नाही. तीन वर्षं झाली हरवून." चला. म्हणजे गोळ्या नंतर, आधी हँडल.

त्याच्या दुकानात मी पाच मिनिटं ग्राइंडर धरला. खाली ठेवल्यावर वहीत दोन ओळी लिहायला गेलो तर अक्षर माझं मलाच लागेना.

हा आजार नवा नाही. १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टर बाई अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला गेल्या होत्या. तिथं चुनखडीच्या दगडाच्या खाणी, आणि हवेवर चालणारी छन्नी नुकतीच रुळलेली. कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, हे त्यांनी तपासून लिहून ठेवलं. शंभर वर्षं उलटून गेली. जपानमध्ये जंगलात चेन सॉ आले आणि लाकूडतोड्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडायला लागली. तिथं त्या आजाराला नावच पांढऱ्या मेणावरून पडलं आणि सरकारी जंगलात दिवसाला दोन तासांच्या वर चेन सॉ धरायचा नाही असं ठरलं. ब्रिटननं १९८५ मध्ये हा आजार कामामुळं होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत घेतला. पुढं तिथले कोळसा खाणकामगार कोर्टात गेले, जिंकले, आणि भरपाईसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले.

आपल्याकडं एक घोळ आहे. थंड देशात बोटं पांढरी पडतात, ते डोळ्यांना दिसतं. आपल्या हवेत ते क्वचित दिसतं, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पडलं तर पडलं. आपल्याकडं दिसतात त्या मुंग्या, बधिरपणा आणि ढिली पडलेली पकड. आणि मुंग्या काय, कोणालाही येतात! म्हणून तो "वात" ठरतो. त्यात बिडी-तंबाखू असेल तर आणखी वाईट, कारण तंबाखूनं बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. सुरुवातीलाच मशीन सुटलं तर रक्तपुरवठा बराच सुधारतो. नस एकदा खराब झाली की ती पूर्ववत होईलच असं नाही.

आता सगळ्यात कामाचा हिशेब. युरोपनं २००२ मध्ये नियम केला. हाताला बसणारं कंपन मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात मोजायचं, आणि आठ तासांच्या दिवसाची सरासरी ५ च्या वर जाऊ द्यायची नाही. २.५ झालं की मालकानं हालचाल सुरू करायची. यात मेख अशी की कंपन दुप्पट झालं तर वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. ५ चं मशीन आठ तास चालवता येतं. १० चं फक्त दोन तास. २० चं अर्धा तास, बस्स. ब्रिटनच्या सरकारी माहितीत रस्ता फोडायच्या ब्रेकरचे आकडे दिलेत: चांगलं असेल तर ५, नेहमीचं १२, वाईट असेल तर २०. म्हणजे नेहमीच्या ब्रेकरवर दिवसाला जेमतेम एक तास तेवीस मिनिटं. हा वेळ नुसता बटण दाबलेला, पाणी प्यायला थांबलेला धरायचा नाही. मावसभावाला विचारलं, बटण दाबलेलं किती तास? त्यानं बोटावर मोजायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "चार तं धर." त्याचं मशीन किती जुनं, त्याची मूठ किती ढिली, हे मी पाहिलंय. आकडा मोजलेला नाही, म्हणून लिहीत नाही.

आणि आपला कायदा? आधी कारखाने अधिनियम १९४८ होता, त्याची तिसरी अनुसूची. कळवणं बंधनकारक असलेल्या २९ आजारांची यादी. मी पूर्ण वाचली. शिसं आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, मशीनच्या आवाजानं येणारं बहिरेपण आहे. मशीनच्या कंपनानं मरणारा हात नाही. कान धरला, हात सोडला. बरं, असता तरी आपल्याला काय उपयोग होता हाही प्रश्न आहेच. विजेवर चालणारा आणि दहा कामगार असलेला तो कारखाना, ही जुनी व्याख्या. २०२० च्या नव्या संहितेनं दहाचे वीस केले. हिंगोली-वसमत-कळमनुरीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वीस माणसं कुठं असतात? मालक, मेहुणा आणि एक पोरगा.

राहिलं बांधकाम. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला, तो कामगारांसाठी. आपल्याकडं या विषयावर चर्चा फक्त एकाच गोष्टीची होते: पेटी. पेटी मिळाली का, भांड्यांचा संच आला का, नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र कोण देतो. पेटीतले हेल्मेट-बूट चांगलेच, नको कोण म्हणतो. भांडीही आमच्या माउल्यांच्या कामाला येतात. पण ज्याच्या हातातून ग्लास निसटतो त्याला भांड्यांचा संच देऊन आपण काय केलं?

माझ्या मते यातल्या पैशाची पहिली वाट मशीनकडं जायला हवी. शेतकऱ्याला पॉवर वीडरवर अनुदान मिळतं ना? मग जुनं ब्रेकर जमा कर आणि स्प्रिंगच्या मुठीचं नवं घे, फरकातला वाटा मंडळ देईल, अशी योजना का नाही? आणि सरकारी कामाच्या टेंडरमध्ये सिमेंटचा ग्रेड लिहितो, सळईचा व्यास लिहितो, तिथं "ब्रेकरचं कंपन अमुक आकड्याच्या आत" ही एक ओळ लिहायला कोणाची हरकत आहे? गुत्तेदार मित्र म्हणतील, खर्च वाढतो. वाढेल. पण बोथट छन्नीनं जे काम तासाचं होतं ते धारदार छन्नीनं कमी वेळात होतं, हे तुम्हीच मला सांगितलंय. छन्नीला धार, चकती बदलणं, ढिले बोल्ट आवळणं, ताठ झालेलं रबर बदलणं, याला कितीसे पैसे लागतात? दोन माणसांनी आळीपाळीनं मशीन धरायचं आणि फुटाचे पैसे दोघांत वाटायचे, हे मात्र गुत्तेदारानं ठरवल्याशिवाय होणार नाही. कामगार स्वतः मशीन खाली ठेवणार नाही. फुटाचा दर त्याला ठेवू देत नाही.

सरकारी दवाखान्याला आणि नव्या मेडिकल कॉलेजला हात जोडून एक विनंती. बांधकाम कामगारांची तपासणी होते तेव्हा केसपेपरवर एक प्रश्न वाढवा: कोणतं मशीन, दिवसाला किती तास, किती वर्षं. पकड मोजायचं साधं यंत्र असतं. शुगरवाल्यांच्या तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टोचून बधिरपणा बघता, तोच बोटांना लावून बघा. आयटीआयच्या सरांनो, पोरांना चष्मा घालायला शिकवता, तसंच मशीन आवळून धरू नका, दाबू नका, वजनानंच काम होऊ द्या, हेही पहिल्याच आठवड्यात सांगा. तंत्रनिकेतनच्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्ट सापडत नाही. जिल्ह्यातल्या पन्नास ब्रेकरचं कंपन मोजा की. परभणीच्या कृषी विद्यापीठानं बांधावर गवत कापायच्या ब्रश कटरचं मोजावं. हळदीच्या पट्ट्यात तो आता घरोघर झालाय, आणि संध्याकाळी हात बधिर झाल्याचं शेतकरी हसत हसत सांगतात.

मावसभाऊ अजून कामावर जातो. मी म्हणालो सोड, तर म्हणाला, "कामून सोडू? पोरीचं लग्न वैशाखात हाय. तव्हापर्यंत धरतो." गुत्तेदाराशी मी बोललो, त्यानं एक माणूस जोडीला दिलाय, बघू किती दिवस टिकतं. मशीन तेच आहे.

एक काम तुमच्याकडं. तुमच्याकडच्या ब्रेकर, ड्रिल किंवा ग्राइंडरसोबत माहितीपुस्तिका आली असेल, माळ्यावर टाकलेली. ती काढा. मागच्या पानांत कंपनाचा आकडा छापलेला असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग. त्या पानाचा फोटो मला पाठवा, आणि रोज किती तास चालवता तेवढं लिहा. नाव कुठंही येणार नाही. पुस्तिकेत आकडाच नसेल तर तेही कळवा, ते जास्त महत्त्वाचं आहे. पंधरा-वीस आले की मी ते घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातो.